नकलेला चोरी म्हणणाऱ्यांना

गेल्या महिन्यात एका मान्यवर वक्त्यांनी चिनी मालावर तासभर तोफ डागली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चिन्यांनी स्वतः काही शोधलं नाही, दुसऱ्याचं पाहून मोबाईल बनवले आणि जगाची बाजारपेठ लुटली. असला माल विकणारा देशद्रोही, घेणारा अडाणी, आणि गावठाणांच्या गल्ल्यांत बसून हे फोन उघडणारी-जोडणारी पोरं या चोरीचे भागीदार. उदाहरण म्हणून त्यांनी नवी मुंबईतल्या घणसोली गावाचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मला वक्त्यांपेक्षा त्या टाळ्यांचा जास्त राग आला.

त्यांचे लहानसहान मुद्दे आधी निकालात काढू. चिनी माल टिकत नाही? जो टिकत नाही तो लोक दुसऱ्यांदा घेत नाहीत, त्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. पैसा शत्रूच्या घरात जातो? वक्त्यांच्या खिशातला लाखाच्या घरातला अमेरिकन फोनही वर्षानुवर्षं चीनमध्येच जोडला जात होता. तेव्हा त्यांचं देशप्रेम आड आलं नाही.

खरा मुद्दा पुढचा आहे. ‘त्यात डोकं नाही, नुसती चोरी आहे’ हे त्यांचं वाक्य. हे वाक्य मी सोडणार नाही.

२००५ ते २००९ या काळात आपल्याकडे ‘चायना मोबाईल’ आला तो कसा, हे वक्त्यांनी कधी विचारलंय? त्याआधी फोन बनवायचा म्हणजे इंजिनिअरांची मोठी फौज पदरी हवी. तैवानच्या मीडियाटेक कंपनीनं चिप विकताना सोबत सर्किटचा आराखडा आणि सॉफ्टवेअरही द्यायला सुरुवात केली. चीनच्या शेन्झेन शहरातल्या छोट्या छोट्या मंडळींनी त्यावरून तयार बोर्ड बनवले. एकच बोर्ड पन्नास जण घ्यायचे आणि प्रत्येक जण त्याला वेगळी बॉडी, वेगळा स्पीकर, वेगळी बॅटरी लावायचा. २००७ साली चीन सरकारनं मोबाईल बनवण्यासाठी लागणारा परवाना रद्द केला आणि हा धंदा उघड्यावर आला. ह्वाछ्यांगपेई नावाच्या त्यांच्या बाजारात काउंटरवर गिऱ्हाईक काय मागतं ते ऐकायचं आणि थोड्याच आठवड्यांत तसा फोन काउंटरवर ठेवायचा, अशी ही रीत. ‘नोकिया’च्या जागी भलतंच काहीतरी छापलेलं असायचं, हे खरं. पण आतलं यंत्र नोकियाच्या यंत्रासारखं नव्हतंच. नक्कल होती ती वरच्या कातडीची.

आणि त्या यंत्रात काय होतं? दोन सिम. आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही. पण घणसोलीत राहणाऱ्या माथाडी कामगाराला विचारा. गाव साताऱ्याकडे, काम एपीएमसीच्या घाऊक बाजारात. नवी मुंबई मोडते टेलिफोनच्या मुंबई सर्कलमध्ये आणि सातारा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. म्हणजे तेव्हा सणाला गावी गेला की रोमिंग सुरू व्हायचं, आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. म्हणून माणूस दोन कार्डं बाळगायचा, आणि गावची वेस आली की बॅटरी काढून, नखानं पत्रा सरकवून कार्ड बदलायचा. ही अडचण नोकियाच्या फिनलंडमधल्या साहेबाला कशी दिसावी? नोकियाचा दोन सिमचा पहिला फोन जाहीर व्हायला २०१० साल उजाडलं. शेन्झेनच्या गल्लीतल्या माणसाला मात्र ती आधीच दिसली होती, कारण त्याचं गिऱ्हाईकही गाव सोडून आलेला मजूरच होता. रिक्षात गाणी ऐकू येतील एवढा मोठा स्पीकर, वीज नसलेल्या घरात दिवसेंदिवस टिकणारी बॅटरी हे सगळं त्याच ओढीतून आलं. गरिबाची नड ओळखून वस्तू बनवणं याला डोकं लागत नसेल, तर डोकं कशाला लागतं ते वक्त्यांनी सांगावं.

ही बडबड नवीनही नाही. १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटनं परदेशी मालावर त्याच्या देशाचं नाव छापायची सक्ती केली. रोख जर्मनीवर होता, कारण जर्मन कारखानदार इंग्रजी चाकू-कात्र्यांची स्वस्त नक्कल विकतात अशी तिथल्या व्यापाऱ्यांची ओरड होती. पुढे तोच ‘जर्मनीत बनलेलं’ शिक्का लोक विश्वासानं शोधू लागले. युद्धानंतर जपानवर हेच आरोप झाले. आणि आपण? १९७० च्या पेटंट कायद्यानं आपण औषधाच्या रेणूला पेटंट द्यायचं नाकारलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला दिलं. त्या आडोशाला २००५ पर्यंत आपले रसायनतज्ज्ञ परदेशी औषधं वेगळ्या वाटेनं बनवायला शिकले. त्यातले कितीतरी कारखाने याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात उभे राहिले. तेव्हा परदेशी कंपन्या आपल्याला चोर म्हणत होत्या आणि आपण छाती पुढे काढून स्वावलंबन म्हणत होतो. मी आजही त्याला स्वावलंबनच म्हणतो. मग शेन्झेनला वेगळा न्याय का? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं?

उल्हासनगरचंही असंच. फाळणीत सगळं गमावून कल्याण कॅम्पात आलेल्या माणसांनी जे दिसलं ते बनवून विकलं. त्यांच्या ‘मेड इन यूएसए’वर, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’वर, महाराष्ट्र पन्नास वर्षं हसला. त्यांनी उभे केलेले कारखाने मात्र कुणी मोजले नाहीत.

नकलेतून पुढे काय होतं, तेही बघा. २००५ साली टोयोटाच्या कोरोलासारखी दिसणारी गाडी बाजारात आणली म्हणून शेन्झेनच्या बीवायडी कंपनीची यथेच्छ टिंगल झाली. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत तीच कंपनी बॅटरीवरच्या गाड्यांच्या विक्रीत टेस्लाच्या पुढे गेली. आपल्याकडच्या मोबाईल कंपन्यांनी मात्र शेन्झेनहून तयार फोन आणले, वर आपलं नाव डकवलं आणि जाहिरातीवर पैसा ओतला. चिनी कंपन्या स्वतःच्या नावानं इथे उतरल्या आणि दोन-तीन वर्षांत ही नावं मागे पडली. आपण नक्कल केली याचं मला दुःख नाही. आपण नक्कलसुद्धा केली नाही, याचं आहे.

आता घणसोलीकडे येतो. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली, शेन्झेनचं विशेष आर्थिक क्षेत्र झालं १९८० साली. दोन्हीकडे मोठ्या बंदराच्या पलीकडची भातशेती आणि मासेमारीची गावं. दोन्हीकडे जमीन गेली, घरठाण उरलं आणि गावकऱ्यांनी त्यावर मजले चढवून बाहेरून आलेल्या कामगारांना खोल्या दिल्या. शेन्झेनच्या अशाच गावठाणांतल्या स्वस्त खोल्यांनी तिथल्या कामगारांना आसरा दिला आणि तळमजल्यांनी छोट्या वर्कशॉपना जागा. आपल्याकडे त्याच इमारती ‘गरजेपोटीची बांधकामं’ म्हणून नोटिशीच्या छायेत उभ्या आहेत. शेजारी महापेला एमआयडीसीचा इलेक्ट्रॉनिक झोन आहे, पण गावच्या पोराला तिथे गाळा परवडत नाही. म्हणून तो गल्लीत बसतो, हॉट एअर गननं मेलेल्या बोर्डावरची आयसी उचलतो, नवी बसवतो आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं ‘बोर्ड बदला’ म्हणून परत पाठवलेला फोन चालू करून देतो. याला चोरीचा भागीदार म्हणताना जीभ कशी रेटते?

चोरी कुठे आहे तेही सांगतो, म्हणजे मी सगळ्यावर पांघरूण घालतो असं कुणी म्हणू नये. दुसऱ्याचं नाव छापून विकणं ही फसवणूक आहे. आणि नकली चार्जर हा तर जिवाशी खेळ. एक उघडून पाहा. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडची बाजू यांच्यामध्ये बोर्डावर स्पष्ट मोकळी जागा सोडलेली असते, बऱ्याचदा तिथे फटही कापलेली असते. नकलीत ती जागा जेमतेम मिलीमीटरभर, फ्यूज गायब, इन्सुलेशनची टेप अर्धवट. पावसाळ्यात दमट भिंतीला लावलेला असा चार्जर पोराच्या हातात करंट पोचवू शकतो. इथे कायद्यानं कठोर व्हावं. पण २००९ मध्ये काय झालं? ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून आयएमईआय हा ओळख क्रमांक नसलेले फोन बंद करण्याचा हुकूम निघाला आणि १९९ रुपये भरून नंबर घालून घ्यायला रांगेत उभा राहिला तो मजूर. कंटेनर भरभरून ते फोन आणणाऱ्यांना त्या रांगेत कुणी पाहिलं नाही.

मला हवंय ते फार मोठं नाही. आयटीआयमधल्या इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकच्या मुलांना बाजारातले फोन-चार्जर उघडून, त्यांचा आराखडा कागदावर उतरवून, तसाच बोर्ड स्वतः बनवायला लावा. गावठाणातल्या तळमजल्यावर छोटं वर्कशॉप चालवायला रीतसर परवानगी द्या. त्या पोरांच्या पहिल्या वस्तू ओबडधोबड नकला असतील, तरी घ्या.

आणि वाचकहो, वक्त्यांचं ऐकून दुकानदाराशी भांडण्याआधी एवढं करा. चार्जरवर ‘आर’नं सुरू होणारा भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) आठ आकडी क्रमांक आहे का ते पाहा. जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि १४४२२ वर ‘केवायएम’ लिहून तो नंबर पाठवा. उत्तर बरोबर आलं तर फोन घ्या, मग तो घणसोलीच्या गल्लीतला असो की मॉलमधला.