'कंट्रोलर जळाला', पण तपासला कोणी?

मीरा रोड-भाईंदरच्या छोट्या व्यापारात आता बॅटरीची सायकल आणि स्कूटर चांगलीच रुळली आहे. शिलाईवाल्याकडे चार तागे पोचवायचे आणि तयार माल परत आणायचा, तर नया नगरच्या गर्दीत टेम्पो घालण्यापेक्षा हे वाहन परवडते. पेट्रोलचा खर्च नाही. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, नियमात बसणाऱ्या गाडीला नोंदणीही लागत नाही.

परंतु पावसाळा आला की तक्रारी सुरू होतात. गाडी बंद पडते आणि दुरुस्तीवाला एका मिनिटात निकाल देतो, "कंट्रोलर जळाला, नवा टाका." नवा पार्ट येईपर्यंत गाडी उभी राहते, माल अडकतो आणि फेऱ्यांवर पोट असलेल्या पोराची रोजी बुडते. आमच्या मते, तपासल्याविना दिलेला हा निकाल म्हणजे कारागिरी नव्हे, अंदाजपंचे कारभार आहे.

कंट्रोलर ही बॅटरीची वीज मोटरच्या तीन जाड तारांत आळीपाळीने सोडणारी पेटी होय. आतले मॉस्फेट नावाचे स्विच हे काम करतात. चाक कोठवर फिरले याची खबर मोटरमधील हॉल सेन्सर देतात आणि वेग किती हवा ते थ्रॉटल सांगते. यांपैकी एकानेही दगा दिला तरी मोटर थांबते. कसूर कोणाचाही असो, बदनाम मात्र कंट्रोलर होतो.

तपासणी साध्या मल्टिमीटरने होते. तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरी काढावी आणि थोडे थांबावे, कारण कंट्रोलरच्या कॅपॅसिटरमध्ये वीज काही वेळ साठून राहते. जेथे वीज चालू ठेवून मापायचे आहे तेथे चाक जमिनीवरून उचललेले असावे. प्रथम बॅटरी पाहावी. १३ सेलच्या जोडणीची ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारे ५४ व्होल्ट दाखवते. भार पडताच आकडा एकदम कोसळला तर दुखणे बॅटरीचे आहे. मग ब्रेकचा स्विच. ब्रेक दाबला की मोटर बंद व्हावी म्हणून तो असतो. तो अडकून बसला तर गाडी हलत नाही. त्याचा प्लग सोडून पाहिला की खुलासा होतो.

थ्रॉटलला कंट्रोलरकडून सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत आणि मूठ पिळताना सिग्नल सुमारे १ व्होल्टपासून ४ च्या आसपास सावकाश चढायला हवा. ५ व्होल्ट येतच नसतील, तर थ्रॉटल आणि हॉलचे प्लग एकेक करून सोडावेत. एखादा सोडताच व्होल्टेज परत आले तर शॉर्ट त्या बाजूला आहे. चाक हाताने हळू फिरवले की हॉलच्या तिन्ही सिग्नल तारांत व्होल्टेज चढले-उतरले पाहिजे. एकच तार गप्प असेल तर तो सेन्सर किंवा त्याची तार खराब समजावी.

आता खुद्द कंट्रोलर. बॅटरी काढूनही चाक झटके देत जड फिरत असेल, तर तीन जाड तारा सोडून एकमेकींपासून अलग ठेवाव्यात. चाक मोकळे झाले तर बहुधा मॉस्फेट शॉर्ट आहे. तरीही जड राहिले तर मोटर उघडावी लागेल. खात्रीसाठी मीटर डायोडवर ठेवून कंट्रोलरची प्रत्येक जाड तार बॅटरीच्या दोन्ही टोकांशी तपासावी. तिघींचे आकडे सारखे हवेत. एक शून्याजवळ गेला की निकाल पक्का!

कंट्रोलर बदलतानाही तो का गेला हे शोधले पाहिजे. धुऱ्यापाशी घासलेली तार तशीच राहिली तर नवाही जळेल. आपल्याकडे खाडी आणि मिठागरांची खारी हवा आहे. प्लगच्या पिना हिरव्या पडतात. तारेला पेटीच्या खाली झोल ठेवावा, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न जाता खाली टपकेल. जोरदार फवाऱ्याने गाडी धुऊ नये. वेगाच्या मोहाने मोठा कंट्रोलर बसवणे तर सर्वस्वी चूक आहे. गाडी सवलतीबाहेर गेली की नोंदणी, लायसन्स आणि विमा, सारेच लागते. अपघात झाला तर मालक अडकतो.

गिऱ्हाइकाने काय मागावे? जुना पार्ट परत आणि बिघाड बिलावर लिहून. दाद मागण्यासाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूला संरक्षण नाही, परंतु केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच मानला जातो. फेऱ्या मारणाऱ्या आमच्या पोरांनी हे ध्यानात ठेवावे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. कंपन्यांनी सुटे भाग आणि तारांचे नकाशे गल्लीतल्या कारागिरापर्यंत पोचवले, तरच त्याला अर्थ आहे.

प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, अशी विचारणा झाली. आमच्या कापडाच्या धंद्यात डागी तागा दाखवूनच विकावा लागतो. दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा नियम असू शकत नाही. दोन रुपयांच्या प्लगमध्ये पाणी गेले असताना पूर्ण कंट्रोलरचे पैसे घेणे ही हलाल कमाई कशी म्हणावी?

आपल्या वस्तीत मोबाईल दुरुस्त करणारे हुशार हात पुष्कळ आहेत. सोल्डरिंग आणि मीटर त्यांना नवे नाही. जमातीच्या संस्थांनी आणि व्यापारी बंधूंनी मिळून अशा दहा-वीस तरुणांना हे काम शिकवले, तर त्यांना धंदा मिळेल आणि आमच्या गाड्या आठवडाभर उभ्या राहणार नाहीत. पुढचा पावसाळा येण्याआधी हे व्हावे.