प्रवासी कोणास म्हणावें?

धंद्यापायीं ज्यांचें निम्में आयुष्य गाडींत जातें, अशा गृहस्थांविषयीं आमच्या सुशिक्षित घरांत एक ठराविक करुणरस चालत आला आहे. यजमान सोमवारीं बॅग उचलून निघतात, शनिवारीं परततात. खाणावळीचें जेवण, लॉजमधील ढेकूण, मुलाच्या आजारपणांत न मिळालेली रजा, हें सगळें सांगतात, आणि घरचीं माणसें हळहळतात. नंदुरबारकरांस हा संप्रदाय चांगला ठाऊक आहे. मिरचीच्या पथाऱ्या पाहावयास येणारा व्यापारी, औषधकंपनीचा प्रतिनिधि, बियाणांचा विक्रेता, बँकेचा तपासनीस, सर्वांची वाट एकच : सुरत, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचें, जळगांव. त्यांचे हाल खोटे आहेत असें मी म्हणत नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. ह्यांच्याहून अधिक नेमानें व अधिक कष्टानें धंद्यासाठीं फिरणारा दुसरा एक वर्ग ह्याच टापूंत आहे, आणि त्यास प्रवासी म्हणावयासही आपण तयार नाहीं.

ही वाट धंद्याचीच, व फार जुनी. सतराव्या शतकांत टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपुराकडे हिनेंच गेला. नवापुराचे विणकर त्यानें टिपले. तेथील बारीक, बर्फासारख्या शुभ्र आणि कस्तुरीचा वास येणाऱ्या तांदळाचें तर त्यानें मोठें कौतुक केलें. तो तांदूळ लावणाऱ्या हातांविषयीं मात्र तो कांहीं सांगत नाहीं. व्यापाऱ्याची नजर मालावर असावयाची. त्याबद्दल त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. परंतु साडेतीनशें वर्षांनंतर आम्हांसही तेवढीच नजर पुरते, ह्याचें नवल वाटतें.

अक्राणी, अक्कलकुवें, तळोदें, नवापूर ह्या तालुक्यांतील भिल्ल, पावरा, मावची कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ट्रकांत बसून बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीस जातात, आणि उन्हाळा सरत आला म्हणजे परततात. ही चाल आजची नव्हे. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञानें दक्षिण गुजराथच्या साखरकारखान्यांवरील खानदेशी टोळ्यांविषयीं १९७८ च्या सुमारासच लिहिलें आहे. पावसाळ्यांत घरीं दाणा नसतो, त्या वेळीं मुकादम उचल देतो. ती फेडावयास हंगामभर राबावयाचें. मजुरी टनावर. शेताच्या कडेला पडाव, बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकचा कागद. ट्रक रात्रीं भरावयाचा असला तर रात्रीं उठावयाचें. मुलें बरोबरच, कारण गांवीं कोणापाशीं ठेवणार? त्यांचें शाळेचें वर्ष त्यांत जातें. आणि गणति होते ती माणसांची नव्हे, कोयत्यांची : नवराबायको मिळून एक कोयता. विक्रेत्याच्या हातीं जन्मभर बॅग असते, तरी त्यास कोणीं 'बॅग' म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

ह्यावर उत्तर तयार असतें. तो व्यवसायाचा प्रवास, हें स्थलांतर. तो स्वेच्छेनें, हें नाइलाजानें. स्वेच्छेनें? औषधकंपनीच्या प्रतिनिधीस कोणी विचारून पाहावें कीं, ऐन वैशाखांत नवापुराच्या लॉजवर उतरण्याची त्यास किती हौस आहे! नाइलाज दोघांचाही आहे. भेद आहे तो नाइलाजाच्या किंमतींत. कंपनीही आपल्या माणसास आगाऊ रक्कम देते, पण ती फेडण्यासाठीं त्याच्या बायकोस ऊस तोडावा लागत नाहीं. शिवाय व्यवसायाचेंच म्हणाल तर टनावर हिशेब घेणारा कोयता हा पगारी तपासनिसाहून अधिक व्यावसायिक ठरेल. 'स्थलांतर' हा शब्द आपण पक्ष्यांसही लावतों. पक्षी ऋतु पालटतांच आपोआप उडतात. त्यांच्या भाड्याचा प्रश्न निघत नाहीं. हीच त्या शब्दाची सोय आहे.

कायदा आमच्या भाषेहून अधिक शहाणा निघाला होता. १९७९ सालच्या आंतरराज्यीय स्थलांतरित कामगारांच्या कायद्यांत, नांवांत तो शब्द असूनही, स्पष्ट लिहिलें होतें कीं, ठेकेदारानें जाण्याचें व येण्याचें भाडें द्यावें, आणि वाटेंत जाणारा वेळ कामावरचाच धरून त्याची मजुरी द्यावी. म्हणजे प्रवासभत्ता! शिवाय घर सोडल्याबद्दल विस्थापनभत्ता निराळा. नवापूरच्या स्टेशनांतून १ मे १९६० पासून दोन राज्यांची सीमा गेलेली आहे; हौशी लोक एका बांकावर बसून एकदम दोन राज्यांत बसल्याची मौज करतात आणि फोटो काढतात. ऊसतोड्याच्या दृष्टीनें त्याच रेषेपलीकडे हा हक्क सुरू होत होता. पण तो बहुधा ट्रकांतून सडकेनें जातो, आणि त्याचा फोटो कोणी काढीत नाहीं. पुढें २०२० च्या संहितेनें हा कायदा पोटांत घेतला, व २०२५ च्या नोव्हेंबरांत ती अंमलांत आली. येण्याजाण्याच्या भाड्याचें कलम तींत आहे, विस्थापनभत्ता गळाला. कंपन्यांच्या दैनिक भत्त्याला अशी गळती लागती, तर आमच्या दिवाणखान्यांत आठ दिवस दुसरा विषय निघाला नसता.

आमच्या घरांतील प्रवासी महिन्याच्या अखेरीस आपलें बिल लिहितो. रिक्षाचे पैसे, लॉजचे पैसे, चहाचेसुद्धां. पावती हरवली तर कचेरीशीं भांडतो, आणि तें भांडण आपण न्याय्य समजतों. पडावावरल्या माणसाच्या बिलास चार ओळी पुरतील : धडगांवाहून बारडोलीपर्यंतचें भाडें, परतीचें भाडें, आणि दोन्ही ठिकाणीं माणसें दोन, कोयता एक नव्हे. तें लिहून देण्यास वकील लागत नाहीं. महिनोन्‌महिने स्वतःचीं बिलें लिहून ज्यांचा हात बसला आहे, असे गृहस्थ नंदुरबार, शहादें, तळोदें येथें पुष्कळ आहेत. आणि टोळ्या निघतात त्या ऐन दिवाळीच्या सुटींत, ते घरीं असतांना.