पळणे थोडे, सायकल फार

आमच्या भागात पळणाऱ्याला मान आहे, सायकलवाल्याला नाही. पहाटे साडेपाचच्या सुमारास नांदेडच्या अथवा लातूरच्या बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर जाऊन पाहावे. पोलीस भरतीची, सैन्यभरतीची मुले घोळक्याने पळताना दिसतात आणि पाहणारे कौतुकाने म्हणतात, "पोरगं मेहनती आहे." हाच मुलगा सायकलवर दिसला, तर त्याच्या घरी अद्याप मोटारसायकल आलेली नाही एवढाच अर्थ लोक घेतात. लोह्याच्या अलीकडे एका टपरीवर मी सायकल टेकवून चहा घेत होतो, तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्याने मला अगदी कळवळून विचारले होते, "का हो सर, गाडी बिघडली का?" त्यांचा दोष नाही. चांगल्या नोकरीतला माणूस हौसेने शंभर किलोमीटर सायकल मारतो, हे आपल्या हिशेबात बसतच नाही.

परंतु ज्यांना दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करायची आहे, त्यांनी हा हिशेब उलटा मांडला पाहिजे असे माझे मत आहे. पळणे थोडे आणि सायकल फार. हे मत आमच्या पळणाऱ्या मंडळींना रुचत नाही, म्हणून ते सविस्तर मांडावे लागते.

ही शर्यत काय असते ते आधी सांगतो. पूर्ण अंतराच्या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहायचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी ४२.२ किलोमीटर, म्हणजे पुरी मॅरेथॉन, पळायची. सगळे एका दिवसात, साधारणतः १७ तासांच्या आत. आपल्या भूगोलात सांगायचे तर लातूरहून सायकलवर निघून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेड गाठायचे, तेथे न थांबता अर्धापूर ओलांडून पुढे जायचे आणि जेथे सायकल टाकू तेथून मॅरेथॉन पळायची. निम्म्या अंतराचीही शर्यत असते. १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर अशी तिची विभागणी आहे. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी 'आयर्नमॅन' नावाची अशी पहिली शर्यत झाली आणि समुद्र न पाहिलेल्या आपल्याकडच्या पोरांच्याही तोंडी हा शब्द आला. त्याआधी २०१५ साली मिलिंद सोमण यांनी वयाच्या ५०व्या वर्षी झुरिकची पूर्ण शर्यत १५ तास १९ मिनिटांत संपविली होती. वर्तमानपत्रांनी त्यांच्या वयाचे कौतुक केले. त्यांतले किती तास सायकलवर गेले, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

गंमत अशी की या शर्यतीचा जन्मच पळणारा श्रेष्ठ की पोहणारा, अशा भांडणातून झाला. हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स नावाचे एक अमेरिकन नौदल अधिकारी होते. १९७७ साली एका बक्षीस समारंभात धावपटू आणि जलतरणपटू यांच्यात सर्वांत तंदुरुस्त कोण यावरून वाद रंगला. कॉलिन्स यांनी त्यात तिसराच पक्ष आणला. एडी मर्क्स या बेल्जियन सायकलपटूच्या शरीराची प्राणवायू घेण्याची क्षमता फार मोठी असल्याचे त्यांनी वाचले होते. मग सायकलवालाच श्रेष्ठ का नसावा? तेव्हा बेटावरच्या तिन्ही स्पर्धा एकापुढे एक जोडून पाहाव्यात असे ठरले. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली असे सांगतात. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथल्या माणसाला या गोष्टीचे हसू येते आणि येतही नाही.

आता मूळ मुद्दा. मध्यम कुवतीचा माणूस पूर्ण शर्यत १४ तासांत संपवितो असे धरू. त्यात दीड तास पाण्यात जातो, सात तास सायकलवर आणि पाच तास पळण्यात. उरलेला वेळ कपडे-बूट बदलण्यात आणि श्वास घेण्यात. म्हणजे शर्यतीचा अर्धा भाग सायकलचा आहे. सरावाचा अर्धा वेळ सायकलला द्यावा, हा पहिला आणि सरळ हिशेब. आठवड्याला १४ तास मिळत असतील, तर सात सायकलला, चार पळण्याला आणि तीन पोहण्याला. नोकरी, शेती, तासिका सांभाळून दहाच तास मिळत असतील, तर पाच, तीन आणि दोन. अंतराच्या नव्हे, वेळेच्या भाषेत हा विचार केला पाहिजे. किलोमीटर मोजू लागलो की आठवड्याच्या शेवटी ४० किलोमीटर पळण्यापुढे २०० किलोमीटर सायकल भरमसाट वाटते आणि माणूस आपली फसगत करून घेतो.

दुसरे कारण हाडांचे आहे. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर पडतो. मिनिटाला १६० ते १७० पावले पडतात, तासाला सुमारे दहा हजार. साठ किलोच्या मुलाचा एकेक पाय तासाभरात पाच हजार वेळा सव्वाशे-दीडशे किलोचा ठोका खातो आणि तोही बहुधा डांबरावर. सायकलवर बसलेल्या माणसाचे वजन खोगीर आणि हँडल वाटून घेतात, ठोका बसत नाही. हृदयाला आणि फुप्फुसांना मात्र दोन्हीकडे काम मिळते. म्हणून सायकलचे तास चारवरून सहावर नेले तर फार तर मांड्या बोलतात. पळण्याचे तास तसे वाढवले तर नडगी बोलते, आणि नडगी एकदा बोलू लागली की महिनोन्महिने गप्प बसत नाही.

येथे माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. भरती तीन महिन्यांवर आली म्हणून त्याने एकदम रोज १२ किलोमीटर पळायला सुरुवात केली. भरतीत पळायचे असतात १६०० मीटर. पाचव्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवले तरी तो कळवळू लागला. ज्यांच्याकडे तो सरावाला जात होता त्यांनी सांगितले, "दुखणे मोडून काढ." त्याने ते मोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि हाडाला तडा गेला. वय निघून चालले होते. ती भरती गेली. यात दैवाला बोल लावण्यासारखे काही नाही. हाडावर नवा भार पडला की शरीर आधी तेथला जुना भाग पोखरून काढते आणि मग नवा बांधते. मधल्या काही आठवड्यांत ते हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडे आणि स्नायुबंध यांना महिने लागतात. पळणाऱ्याला दम आला म्हणजे पाय तयार झाले असे नव्हे. त्या मुलाने १२ पैकी आठ किलोमीटरांच्या बदल्यात पाऊण तास सायकल मारली असती, तर छाती तेवढीच तयार झाली असती आणि हाड बहुधा शाबूत राहिले असते. ट्रायथलॉन हा पैसेवाल्यांचा शौक आहे, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण त्यातून निघणारे हे ज्ञान सर्वांत जास्त उपयोगी आहे ते या भरतीच्या पोरांना.

माझे धावपटू मित्र यावर म्हणतात, "सर, शर्यत बिघडते ती मॅरेथॉनमध्ये. मग जास्त पळायला नको का?" वस्तुतः मॅरेथॉनमध्ये दिसते ते सायकलवर आधीच घडलेले असते. शरीरात साठवलेली साखर सुमारे दोन हजार कॅलरींची. सायकलवर पहिले तीन तास जोशात काढले आणि पोटात काही घातले नाही, तर ती तिथेच संपते. मग माणूस उरलेली वाट पळत नाही, फरफटतो. फेब्रुवारी १९८२ मध्ये हवाईतच ज्युली मॉस ही तरुणी आघाडीवर असताना शेवटच्या काही हातांवर कोसळली आणि रांगत दुसरी आली. पहिली अवघ्या २९ सेकंदांनी पुढे गेली. सायकलवर शिदोरी खाता येते, पळताना पोट कुरकुरते. त्यासाठी बाहेरच्या महागड्या पाकिटांची गरज आहे असे मला वाटत नाही. अर्धापूरची केळी, गूळ, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी. तासाला ६० ग्रॅम पिष्ट पदार्थ पोटात गेले की काम भागते. ते पचविण्याची सवयही लांब सायकलीवरच लागते.

तथापि पळणे सोडून द्या असे मी म्हणत नाही. सायकलने छाती तयार होते, पण पाऊल जमिनीवर आपटण्याची सवय सायकल लावू शकत नाही. हाडाला ठोका हवाच, फक्त मापात हवा. म्हणून आठवड्यातून चार-पाच वेळा, चाळीस-पन्नास मिनिटे, बोलता येईल इतक्या वेगाने पळावे. एखाद्या रविवारी दोन तास, फार तर सव्वादोन. त्यापुढे फायदा कमी आणि मोडतोड जास्त. आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्याबरोबर वीस मिनिटे पळावे. इंग्रजीत या सरावाला 'ब्रिक', म्हणजे वीट, म्हणतात आणि पहिल्या दिवशी पायांना विटा बांधल्यासारखेच वाटते. थोडे पण नित्य, ही रीत आपल्याला नवी नाही. वारकरी आळंदीहून पंढरीपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट दोन-तीन दिवसांत उरकत नाहीत. रोजचा मुक्काम ठरलेला, मध्ये विसाव्याचे दिवस ठरलेले; म्हणून साठी उलटलेली म्हातारीही पोहोचते.

आमच्या हवेचाही विचार केला पाहिजे. स्नायूंनी जाळलेल्या शक्तीपैकी जेमतेम पाव भाग गतीत जातो, बाकीची उष्णता होते. सायकलवर २५ किलोमीटरच्या वेगाने येणारा वारा ती काढून नेतो. पळताना तसा वारा मिळत नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा सात वाजल्यानंतर तासभर पळणे हा सराव नसून शिक्षा आहे. सायकल मात्र नऊपर्यंत चालते. तिच्या अडचणी वेगळ्या. ऊस-गाळपाच्या दिवसांत मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात आणि पहाटेचे ट्रक झोपेत असतात. त्यामुळे मी उजाडल्याशिवाय महामार्गावर जात नाही. अंधारातली वेळ मैदानावर पळण्याला द्यावी आणि उजेडाची सायकलला. लातूर गोदाकाठच्या नांदेडपेक्षा उंचावर, बालाघाटच्या पठारावर असल्याने नांदेडकडून लातूरकडे एकंदर चढ लागतो. चढाचा सराव हवा असेल तर त्या दिशेने निघावे. पोहण्याविषयी येथे लिहीत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्या आमच्या पिढीला तो विषय वेगळा लागेल.

सायकलच्या महागाईचे कारण मला पुष्कळ मुले सांगतात. दीर्घ शर्यतीला बरी सायकल लागते हे खरे. पण पाया घालायला साधी काळी सायकलही चालते. मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलींवर आमच्या खेड्यांतल्या मुली वर्षानुवर्षे रोज शाळेला जातात-येतात. दप्तर पाठीवर, वारा समोरून, आणि वर्षाकाठी शेकडो किलोमीटर. सहनशक्तीचा हा साठा त्यांच्या पायांत आहे. महाविद्यालयात आल्यावर आपण त्यांना बसचा पास देतो आणि तो साठा वाया घालवतो. ललिता बाबर माणदेशातल्या दुष्काळी मातीतून २०१६च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेल्या. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नागपूरच्या अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने संपविली. मराठवाड्याच्या पायांत काही कमी आहे असे मानायला मला कारण दिसत नाही.

आपल्या वार्षिक क्रीडामहोत्सवात सायकलची एकच स्पर्धा असते, आणि ती सर्वांत हळू चालविणाऱ्याची. जिमखान्याला माझी विनंती आहे की ती खुशाल ठेवावी. पण डिसेंबरात एका रविवारी, सकाळी सात ते नऊ या वेळात, वीस किलोमीटर सायकल आणि लगेच तीन किलोमीटर पळणे अशी एक जोडस्पर्धाही ठेवावी. गिअरच्या आणि बिनगिअरच्या सायकलींचे गट निराळे असावेत, मुलींचा गट स्वतंत्र असावा, रस्त्याला पोलिसांची परवानगी आणि मागून रुग्णवाहिका असावी. पंक्चरचे साहित्य घेऊन मी वळणावर उभा राहीन.