न झालेल्या गोलांची नोंद

इतिहासाच्या अभ्यासकाला घडलेल्या घटनांची साधने सापडतात. टळलेल्या घटनांची साधने क्वचितच मागे उरतात. दुष्काळाची नोंद सरकारी दप्तरात असते. परंतु वेळीच बांधलेल्या बंधाऱ्यामुळे एखादे गाव परागंदा होण्यापासून वाचले, तर त्या वाचण्याची नोंद कोणी ठेवत नाही. फुटबॉलमध्ये बचावपटूच्या वाट्याला नेमके हेच येते. गोल करणाऱ्याचे नाव धावफलकावर झळकते. गोल होऊ न देणाऱ्यासाठी तिथे रकानाच नसतो.

हा विचार मनात येण्याचे कारण म्हणजे मुंबईचा राहुल भेके. 1990 साली जन्मलेल्या या मराठी बचावपटूची कारकीर्द आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी समजून घ्यावी अशी आहे. एअर इंडिया, मुंबई एफसी, कोलकात्याचा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, 2016 मध्ये आपल्या पुण्याचा एफसी पुणे सिटी आणि 2017 पासून बंगळुरू एफसी असा त्याचा प्रवास झाला. या वाटेवरचे काही संघ आज अस्तित्वात नाहीत. मुंबई एफसी 2017 मध्ये बंद पडला, तर बालेवाडीच्या मैदानावर खेळणारा पुणे सिटी 2019 मध्ये संपला. व्यावसायिक खेळाडूची उपजीविका अशी दुसऱ्यांच्या ताळेबंदावर अवलंबून असते. पालकांनी मुलाला मैदानावर जरूर पाठवावे, पण ही अनिश्चितता ओळखून पाठवावे. त्याचे शिक्षण मध्येच तुटू नये, हा त्यातला पहिला बोध.

भारताच्या राष्ट्रीय संघात भेके पहिल्यांदा खेळला तो जून 2019 मध्ये, थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 10 सप्टेंबर 2019 रोजी, दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतार त्याच वर्षी आशियाचा विजेता ठरला होता आणि सामना त्यांच्याच भूमीवर होता. त्यात भारताचा मुख्य आधार सुनील छेत्री तापामुळे मैदानात उतरू शकला नाही. भेके, आदिल खान, संदेश झिंगन आणि मंदार राव देसाई या चौघांची बचावफळी, मागे गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू. कतारचे हल्ले एकामागून एक येत राहिले. पण सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. धावफलकावर दोन शून्ये उरली. भारतीय फुटबॉलमधील अलीकडच्या काळातील सर्वांत मोठ्या कामगिरींपैकी एक त्या दोन शून्यांत सामावलेली आहे.

तरीही लोकांना भेके आठवतो तो त्याने केलेल्या गोलांमुळे. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या 117व्या मिनिटाला त्याने कॉर्नरवर डोक्याने गोल केला आणि बंगळुरूने एफसी गोवा संघाला 1-0 असे हरवले. 11 एप्रिल 2022 रोजी रियाध येथे मुंबई सिटीकडून खेळताना इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच गोलाने सामना 2-1 असा जिंकला गेला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे नमवून मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हा संघाचा कर्णधार भेकेच होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, हैदराबादेत मलेशियाविरुद्ध, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याने भारतासाठी पहिला गोल केला. हे सारे गौरवास्पद आहेच. परंतु हे त्याचे रोजचे काम नव्हे. नव्वद मिनिटे जागा न सोडता उभे राहणे हे त्याचे रोजचे काम आणि त्याचे चित्रण कोणी पुन्हा पुन्हा दाखवत नाही.

कोणी म्हणेल की बचावपटूचीही नोंद होते. होते, पण ती चुकीची. जानेवारी 2024 मधील आशियाई चषकात भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया यांच्याकडून सलग हरला आणि तीन सामन्यांत सहा गोल स्वीकारावे लागले. त्या संघात भेके होता. ते सहा गोल कायमचे कागदावर राहिले. अडवलेले किती, हे त्या कागदावर नाही. अडवणाऱ्याच्या कामाचा हिशेब असा एकतर्फी मांडला जातो.

हाच एकतर्फी हिशेब आपण शाळेतही मांडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. स्मरणिकेत आपण गुणवंतांची छायाचित्रे छापतो, अधिकारी झालेल्यांची यादी देतो. ते योग्यच आहे. पण आपल्या शेळगाव परिसरात, नीरा डाव्या कालव्याच्या या ऊसपट्ट्यात, दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की टोळ्यांबरोबर शाळकरी मुलेही फडात जातात. सुट्टीला गेलेले मूल वसतिगृहात परतले, सातवीतली मुलगी लग्नाच्या मांडवाऐवजी आठवीच्या वर्गात बसली, हे गुणपत्रिकेत उमटत नाही. त्यासाठी वस्तीवर जाऊन आईवडिलांची समजूत घालणारे अधीक्षक, रात्री तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसणाऱ्या स्वयंपाकीण मावशी, मुकादमाशी बोलणी करणारे शिक्षक ही आपल्या शाळेची बचावफळी आहे. एखादे मूल निसटले की बोट त्यांच्याकडेच दाखवले जाते. थोपवून धरलेल्या मुलांबद्दल त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून संस्थेला एक सूचना करावीशी वाटते. पुढील स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीइतक्याच ठळकपणे एक पान असावे: दिवाळीच्या सुट्टीला किती मुले घरी गेली, किती परतली आणि जी परतण्याची शक्यता नव्हती त्यांना कोणी आणले. मुलांची नावे छापू नयेत; आणणाऱ्यांची मात्र जरूर छापावीत. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना ते पान वाचताना, आपल्या पाठीमागे त्या काळी नेमके कोण उभे होते, हे पहिल्यांदाच कळेल.