नॅचरल ब्लॅक

जुहूत राहणाऱ्या माणसाचा लोकरीशी संबंध येतो तो फक्त ऑफिसच्या एसीमुळे. आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की डिसेंबरातही कपाळावर घाम, आणि अंधेरीच्या ऑफिसात शिरलं की 18 डिग्री. म्हणून माझ्या खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक शाल लटकलेली असते. आणखी एक लोकरीची वस्तू माझ्याकडे आहे, ती मात्र मी ऑफिसात कधी नेत नाही. खोलीवर दिवाणाखालच्या बॅगेत असते ती. आजोबांचं घोंगडं.

तर झालं असं, की दोनेक महिन्यांपूर्वी आमच्याकडे एका क्लायंटचे स्टोल्स आले. (जाहिराती लिहून पोट भरते, हे नियमित वाचकांना ठाऊक आहेच.) खोका उघडल्याबरोबर अख्खं डिपार्टमेंट ते स्टोल गालाला घासायला लागलं. लेबलवर लिहिलेलं, 'बेबी अल्पाका, अनडाइड, नॅचरल ब्लॅक'. किंमत पाहिली आणि स्टोल घडी करून परत ठेवला. जुहूतल्या माझ्या अर्ध्या खोलीचं भाडं होतं ते! बॉस म्हणाले, "या काळ्यावर काहीतरी इमोशनल लिही."

इमोशनल लिहायच्या आधी थोडं वाचावं, ही माझी जुनी खोड. त्यातून जे सापडलं ते जाहिरातीत मावणारं नव्हतं, म्हणून इथे.

पहिला धक्का, 'बेबी' म्हणजे बाळाची लोकर नव्हेच. तो जाडीचा दर्जा आहे. केस साधारण 22-23 मायक्रॉनपर्यंत बारीक असला की तो 'बेबी', मग प्राणी दहा वर्षांचा का असेना. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या-माझ्या डोक्यावरचा केस 70 च्या आसपास.) साधारण 30 च्या वर गेलेले केस कातडीला टोचतात. म्हणून अल्पाका पाळणारे लोक दरवर्षी प्रत्येक जनावराच्या कुशीतून लोकरीचा झुपका काढून लॅबला पाठवतात. सरासरी जाडी किती, सगळे केस सारखे आहेत की मधेच राठ केस घुसलेत, हे बघून कुठला नर कुठल्या मादीला लावायचा ते ठरतं. आपल्याकडे स्थळं बघताना पत्रिकेचा जेवढा कीस पाडतात, त्याहून जास्तच.

आणि हे सगळं भयंकर हळू चालतं. अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते. एक चूक झाली की निस्तरायला वर्षं जातात. रंगाचं प्रकरण तर आणखी नाजूक. राखाडी रंगाचा नर आणि राखाडी मादी लावली म्हणून सगळी पिल्लं राखाडी होत नाहीत, कारण राखाडीचा जीन दोन्हीकडून आला तर गर्भच टिकत नाही. राखाडी आणि पांढरा एकत्र आले तर कधी कधी निळ्या डोळ्यांचं पांढरंशुभ्र पिल्लू होतं. दिसायला झकास, पण बऱ्याचदा बहिरं.

पेरूत अल्पाकाचे परंपरेने 22 नैसर्गिक रंग मोजतात. पण 1836 च्या सुमारास टायटस सॉल्ट नावाच्या इंग्रज गिरणीवाल्याने या लोकरीचं कापड विणायला घेतलं, तिची मागणी वाढली, आणि गिरण्यांना हवी होती पांढरी लोकर. पांढऱ्यावर कुठलाही रंग चढतो, काळ्यावर काय चढणार? पांढऱ्याला भाव जास्त, म्हणून पांढरेच नर ठेवले गेले. आज तिकडचे बहुतेक कळप पांढरे आहेत. आणि आता फॅशनवाल्यांना 'अनडाइड' हवंय, म्हणून काळ्या जनावरांना शोधणं सुरू! मला सगळ्यात चटका लावून गेली ती जेन व्हीलर या संशोधक बाईंची गोष्ट. दक्षिण पेरूत एल यारल इथे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे, वाळवंटात सुकून टिकलेले अल्पाका सापडले. त्यांची लोकर तपासली तर आजच्या बहुतेक कळपांपेक्षा बारीक आणि एकसारखी निघाली. म्हणजे तेव्हाच्या लोकांनी, लॅब नसताना, हे काम आपल्यापेक्षा चांगलं केलेलं होतं. मग स्पॅनिश आले, कळप संपले, ते जाणणारी माणसंही गेली.

हे सगळं वाचून मी भारावलेली, आणि त्याच आठवड्यात माणदेशातून मामांचा फोन.

माझं आजोळ धनगरांचं. आजोबांच्या वाड्यावर तीनशे मेंढरं होती म्हणे. दिवाळीनंतर वाडा पाण्याच्या मुलखाकडे निघायचा, घोड्यांवर बिऱ्हाड. लोकांच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्या खताच्या बदल्यात धान्य मिळायचं. मामांकडे आता ऐंशी आहेत. दख्खनी, काळीभोर. दख्खनी मेंढीचे लोणंद, सांगोला, संगमनेर, कोल्हापूर असे भागवार प्रकार सांगतात, पण दुष्काळात कुसळं खाऊन दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर चालायची तयारी सगळ्यांचीच.

"बाय, साठ हजार हुतील का? माडग्याळचा एडका घ्यायचाय," मामा म्हणाले.

माडग्याळ म्हणजे जत तालुक्यातलं गाव. तिथली मेंढी पांढरी, तपकिरी ठिपक्यांची, पोपटासारखं वळलेलं नाक, उंच, भारदस्त. कोकरं भराभर वाढतात, मटणाला वजन मिळतं. या जातीच्या चांगल्या नराला किती भाव यावा? 2020 मध्ये सांगलीतल्या एका माडग्याळ मेंढ्याला आटपाडीच्या बाजारात 70 लाखांची बोली लागल्याची बातमी होती, आणि मालकाने तो दिला नाही, दीड कोट मागितले. त्यापुढे मामांचे साठ हजार म्हणजे किरकोळच. पण माडग्याळच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच.

"मग लोकरीचं काय?" मी विचारलं.

मामा हसले. "आगं, लोकर कोन घेतंय? कातरनारा माणूस मेंढरामागं जेवढं पैसं घेतो, तेवढं बी लोकरीचं येत न्हाईत. गेल्या साली पोती तशीच पडली, कसर लागली."

मी घरी येऊन हिशोब मांडला. दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, दोन कातरण्यांत मिळून. केस 35 ते 50 मायक्रॉनच्या घरात, त्यातले बरेच मधून पोकळ. कपड्याच्या गिरणीला नको, कारण जाड. गालिचेवाल्यालाही फारशी नको, कारण काळी. लोकर बारीक व्हावी म्हणून गेल्या शतकात सरकारी फार्मांवर दख्खनीचा मेरिनो आणि रॅम्बुलेशी संकर करून पाहिला. पण बारीक लोकरीचं जनावर माणदेशाच्या उन्हात मैलोन् मैल चालत नाही, आणि मेंढपाळाचं पोट लोकरीवर नाही, कोकरावर चालतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे ओळखून लोकरीचा नाद सोडला. सुंदरबनातल्या छोट्या गरोळ मेंढीत जुळी कोकरं देणारा जीन असतो, तो त्यांनी दख्खनीत आणला. त्या 'नारी सुवर्णा' मेंढ्या. (गंमत म्हणजे, अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून हाच जीन तिथल्या बुरूला मेरिनोत पोहोचला असावा, असं मानतात.)

म्हणजे मामांचं काही चुकत नव्हतं. उलट, सॉल्टच्या गिरणीने जे पेरूत केलं तेच मटणाचा बाजार माणदेशात करतोय, आणि यात कुणीच खलनायक नाही. एक नर तीस-चाळीस मेंढ्यांना पुरतो. त्याच्या लेकींना पुन्हा माडग्याळच लावला, की पाच-सहा वर्षांत काळा कळप उरत नाही. मेंढीचा गाभणकाळ पाचच महिने. अल्पाकाला शतक लागलं, इथे एका होम लोनच्या मुदतीआधीच संपेल.

माझा प्रॉब्लेम असा, की मी काय तोंडाने अडवणार? वर्षातून दोनदा गावी जाणारी मी, एसीत बसून 'नॅचरल ब्लॅक'वर इमोशनल लिहिणारी. रानात मेंढरामागे चालतात मामा आणि मामी. मामेभावाची इंजिनिअरिंगची फी त्याच कोकरांतून जाते.

त्या रात्री बॅगेतून घोंगडं काढलं. आता सांगते ते ऑफिसात का नेत नाही. एकदा नेलं होतं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "ई, याला कसला वास येतोय?" वास मेंढीचा, चुलीचा आणि थोडा आजोबांचा. मी हसून पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मॉलमधून शाल आणली. याची लाज मला अजून वाटते. आजोबा पावसात हेच डोक्यावरून खोळ करून उभे राहायचे. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत बाष्प पिते, तरी अंगाला ओली लागत नाही, हे मला परवा वाचून कळलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टोचतं मात्र, अगदी मान लाल होईपर्यंत.

सकाळी मामांना पैसे पाठवले. सगळे. मग फोन केला.

"एक काळा एडका आणि वीस मेंढ्या वेगळ्या ठेवाल का? त्यांना माडग्याळ लावायचा नाही."

"वीस न्हाई, बारा," मामा म्हणाले. "आन् त्येंचा चारा?"

"मी पाठवीन दर महिन्याला."

पलीकडे शांतता. मग मामी मागून म्हणाल्या, "पोरीला खुळ लागलंय." मामा म्हणाले, "बारा ठेवतो. पर एडका मी निवडणार. रंगावर जाऊ नको, काळी समदीच हायती. दाट अन् लांब केसाचा बगावा लागतो. पाठीवर हात फिरवला की कळतंय."

बारा मेंढ्यांच्या एका कातरणीतून तीनेक किलो लोकर निघेल, म्हणजे एक घोंगडं. मामांच्या ओळखीचा एक म्हातारा सणगर अजून माग चालवतो. त्याचा निरोप आलाय, दिवाळीच्या कातरणीनंतर लोकर पाठवा, आणि ताण्याच्या खळीसाठी चिंचोके तुमचे तुम्ही आणा, आजकाल मिळत नाहीत. जुहूत चिंचोके कुठे मिळतात, कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

स्टोलची कॉपी मी दुसऱ्या दिवशी दिली. क्लायंटला आवडली.