शोकसभेनंतरचा अर्ज
लोकप्रशासनात एम.ए. करणारी शेजारची पोर या आठवड्यात नोट्स घेऊन बसली होती. वुड्रो विल्सनचा १८८७चा निबंध, मॅक्स वेबरची नोकरशाही, सगळं घडाघडा. मी विचारलं, ‘‘संस्थेचा एक विश्वस्त वारला तर काय करायचं गं?’’ ‘‘शोकसभा,’’ ती म्हणाली. शोकसभा हवीच, चहा-बिस्किटांसकट. पण १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्जही द्यावा लागतो. तो राहिला की बँकेतल्या सह्यांपासून देणगीपर्यंत सगळ्याचं त्रांगडं होतं, आणि भल्या माणसांनी उभ्या केलेल्या संस्था तारखांवर तारखा मोजत बसतात. हे नोट्समधून नाही, प्रत्यक्ष कामातूनच कळतं. १९३६ साली दोराबजी टाटांच्या नावानं मुंबईत समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण सुरू झालं, ते नागपाड्यात, कामगारवस्तीला लागून. आधी वस्ती, मग वर्ग. आता आधी पीपीटी, मग ‘फील्ड व्हिजिट’, मग सेल्फी. माझं स्पष्ट मत आहे : ज्यानं स्वतःच्या हातानं एक तरी बदल अर्ज भरून, खेटे घालून मंजूर करून आणलेला नाही, त्याला विद्यापीठानं लोकप्रशासनाची पदवी देऊच नये. कुणी कुलगुरू हे सदर वाचत असतील, तर त्यांनी मनावर घ्यावं.