डोंगरावर कुणाची गाडी चढेल, हे ग्रामसभा ठरवील

डोंगरावर गाड्या चढवाव्या की नाही, यावर शहरात दोन बाजूंचं भांडण चालतं. एक बाजू म्हणते, डोंगर सगळ्यांचा आहे, आम्ही टॅक्स भरतो, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण? दुसरी म्हणते, अभयारण्य प्राण्यांसाठी आहे, माणूस म्हणून जो कुणी असेल त्याला बाहेर काढा. या दोघांच्या बोलण्यात आपलं गाव कुठे येत नाही. पहिल्याला आपण रस्ता दाखवायला आणि पिठलं-भाकरी करायला पाहिजेत. दुसऱ्याला आपण नकोच आहोत. म्हणून या अंकात तिसरी बाजू मांडतो आहोत.

आम्ही म्हणजे आंबेगाव आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यातली पोरं. बारावी झाली, भातावर आणि हिरड्यावर घर भागेना, म्हणून चाकण, भोसरी, चिंचवडला ठेकेदाराच्या हाताखाली लागलो. चिंचवडला एका खोलीत पाच-सहा जण राहतो. सुट्टी गुरुवारी. ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहोत त्यांची सुट्टी शनिवार-रविवारी. शनिवारी पहाटे मोशी, चाकण, राजगुरुनगर करत त्यांच्या जीपा आणि मोठ्या मोटरसायकली आपल्या डोंगराकडे निघतात. त्यातल्या काही गाड्यांचे नट आम्हीच लाइनवर उभं राहून आवळलेले असतात. त्यामुळे या लोकांशी आमचं वैर नाही. त्यांना आम्ही रोज बघतो.

पण डांबरी रस्ता संपल्यावर त्यांचा खेळ सुरू होतो. त्याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. जितका चिखल जास्त तितकी मजा जास्त, म्हणून गर्दी नेमकी पावसाळ्यात. आपल्याकडे तेव्हा आवणी चाललेली असते, माळावर कोवळं गवत वर येत असतं, वरई-नाचणीचे तुकडे नुकते लावलेले असतात. ओल्या जमिनीवरून जड गाडी गेली की माती दाबली जाते. त्या चाकोरीत पुढे गवत धड उगवत नाही. पाऊस पडला की पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, ती चाकाखाली येतात. शेकरू झाडावरून झाडावर जातो, त्याला जंगल शांत आणि सलग लागतं. पाणवठ्यात गाडी धुतली की तेलाचा तवंग गुरांच्या तोंडात जातो. शहरातला माणूस म्हणतो, नुसतं गवत तर आहे! ते गवत म्हणजे आपल्या गुरांचा वर्षाचा चारा आहे.

माळीण आपल्याला कुणी सांगायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला आणि १५१ माणसं गेली. कारणांवर पुष्कळ वाद झाले. जीपांमुळे ते झालं असं कुणी म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. पण तेव्हापासून आपल्याकडचा माणूस उतारावर नवी चर दिसली की थांबून बघतो. ज्याला रविवारी संध्याकाळी घरी परत जायचं आहे, त्याला ती चर दिसत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही. त्यातून कोण सुटतो? कामावर असलेला सरकारी नोकर, राहण्याची परवानगी मिळालेला माणूस, आत ज्याचा जमीनजुमल्यावर हक्क आहे तो, यांची घरची माणसं, आणि सार्वजनिक रस्त्याने नुसता जाणारा. म्हणजे भीमाशंकरला दर्शनाला जाणाऱ्याची गाडी डांबरी रस्त्यावर चालते, पण तीच गाडी रस्ता सोडून पठारावर वळली की परवाना लागतो. कलम २९ तर प्राण्यांच्या राहण्याच्या जागेची नासधूस करायलाच मनाई करतं. अभयारण्याच्या बाहेरच्या राखीव जंगलाला १९२७ चा वन कायदा आहे. त्याच्या कलम २६ मध्ये गुरं चारणं आणि विनापरवाना शिरणं हे दोन्ही गुन्हे शेजारी शेजारी लिहिले आहेत. आपल्या म्हाताऱ्यांना त्यातला गुरांचा गुन्हा तोंडपाठ आहे, कारण त्याचा दंड त्यांनी भरला आहे. शेजारचा शिरण्याचा गुन्हा जीपवाल्याला लावलेला किती जणांनी बघितला?

खरं दुखणं इथे आहे. नाका एकच, पण नियम दोन. हिरड्याची पोती भरलेला पिकअप अडवला जातो. बाळंतपणाला बाई न्यायची तर आधी विचारपूस, गाडी कुणाची, कुठे चालली. आणि सकाळी सहाला दहा जीपांची रांग येते, कुणीतरी फोन लावून देतं आणि फाटक वर जातं. कुठल्या नाक्यावर, कुणाच्या पाळीत, हे इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका शिपायाचा नाही. तो बिचारा वरून फोन आला की काय करणार? प्रश्न असा आहे की फाटक वर-खाली करण्याचा निर्णय गावाला न विचारता होतो.

हे पहिल्यांदा घडत नाही. आपल्या शेजारच्या डोंगरांवर पवनचक्क्या आल्या तेव्हाचं आठवा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात त्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. डोंगर कापून रुंद रस्ते केले, राडारोडा उतारावर टाकला, आणि ज्या डोंगरांवर लोक शतकानुशतकं मोकळे फिरत होते तिथे कंपनीने बेकायदा कुंपणं आणि चौक्या बसवल्या. लोकांचे वनहक्क मात्र नोंदवले गेले नव्हते. यातून शिकायचं ते एवढंच. आपला हक्क कागदावर नसला की आपल्याच डोंगरावर दुसऱ्याची चौकी उभी राहते.

लांबच्या देशातलंही एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत यलोस्टोन नावाचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, १८७२ चं, जगातलं पहिलं म्हणतात. तिथे हिवाळ्यात बर्फावरून पळणारी मोटर चालते, तिला स्नोमोबाइल म्हणतात. तिचा आवाज आणि धूर यावरून तिथे वर्षानुवर्षं भांडण चाललं. २००० साली सरकारने ती बंद करायचं ठरवलं. पुढच्या सरकारने ते फिरवलं. एका कोर्टाने एक सांगितलं, दुसऱ्याने उलट सांगितलं. शेवटी २०१३ साली रोज किती फेऱ्या सोडायच्या याची मर्यादा ठरली. गाडीवाले भांडले, पर्यावरणवाले भांडले, हॉटेलवाले भांडले. पण त्या डोंगरात आधीपासून शोशोनी आदिवासी राहत होते आणि उद्यान झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना तिथून काढलं होतं. ज्यांची ती भूमी, ते घरातून गेल्यावर फेऱ्या किती यावर शंभर वर्षांनी वाद झाला. आपण अजून घरात आहोत. म्हणून आताच बोललं पाहिजे.

आता गावातल्या वादाकडे येऊ, तो लपवून उपयोग नाही. आपल्यातलीच काही पोरं म्हणतात, जीपवाले आले तर दोन पैसे मिळतात. कुणी गाड्या लावायला जागा देतो, कुणी जेवण करतो, कुणी पुढे बसून वाट दाखवतो. ठेकेदाराकडे बारा तास घासण्यापेक्षा गावात राहून पाचशे रुपये मिळाले तर वाईट काय? आम्ही स्वतः ठेकेदाराकडे घासतो, त्यामुळे हे म्हणणं हसण्यावारी नेणार नाही. पण हिशेब पूर्ण करा. जेवणाचे पैसे एका घराला मिळतात. माळ खराब होतो तो सगळ्या गावाचा, आणि ज्या बाईच्या दोन शेळ्या त्या माळावर चरतात तिला जीपवाल्याकडून एक रुपया मिळत नाही. शिवाय पायी येणारा माणूसही जेवतोच, त्यालाही वाटाड्या लागतोच. पैसा माणूस आणतो, चाक आणत नाही. पायी येणाऱ्यांना आपण कधी नको म्हटलेलं नाही.

मग करायचं काय? नुसतं अडवून गाडीसमोर आडवं पडायचं नाही. त्यात एखादा पोरगा केसमध्ये अडकतो आणि पुढच्या शनिवारी गाड्या पुन्हा येतात. आपल्या हातात वनहक्क कायदा २००६ आहे. त्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला दोन गोष्टींचा अधिकार दिला आहे. सामूहिक जंगलात कुणी कसं यायचं याचं नियमन करायचं, आणि जंगलाला, प्राण्यांना बाधेल असं काम थांबवायचं. त्याबद्दल ग्रामसभेने घेतलेले निर्णय पाळले जातात की नाही हे बघायचं कामही त्याच कलमाने ग्रामसभेवर सोपवलं आहे. हा कायदा अभयारण्यातही लागू आहे. पेसा आंबेगाव आणि जुन्नरच्या अनुसूचित गावांनाच आहे, खेडच्या गावांना नाही, पण वनहक्क कायदा सगळ्यांना आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारायला लावलं, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. त्या काही मोठ्या शिकलेल्या लोकांच्या ग्रामसभा नव्हत्या.

ग्रामसभेचा ठराव झाला म्हणजे वनखात्याचा परवाना लागत नाही, असं नाही. पण ठराव नसला तर परवाना देणारा म्हणेल, गावाची काही हरकत नव्हती. हे वाक्य त्याला म्हणता येऊ नये, एवढं तरी आपण करू शकतो. ठरावात पुढच्या गोष्टी असाव्यात असं आम्हाला वाटतं:

१. डांबरी किंवा गावाचा नेहमीचा रस्ता सोडून पठार, कुरण, देवराई आणि पाणवठ्यावर बाहेरची कुठलीही गाडी जाणार नाही.

२. गावातला आजारी माणूस, धान्य, हिरडा, गवत, घरबांधणीचं सामान यांच्या गाड्यांना नाक्यावर अडवणूक नाही आणि पैसे नाहीत.

३. पायी येणाऱ्यांचं स्वागत आहे. बरोबर गावचा वाटाड्या घ्यावा. आवणीच्या दिवसांत कोणत्या वाटा बंद ठेवायच्या ते ग्रामसभा सांगेल.

४. पठारावर कुणाला परवाना द्यायचा असेल तर अर्ज आधी ग्रामसभेपुढे ठेवावा.

५. पर्यटकांकडून जी वर्गणी घेतली जाईल तिचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. हे कलम आपल्यासाठी आहे. नाहीतर उद्या आपल्यातलाच एक जण नाकेदार होईल.

ठराव वाडी-पाड्याच्या ग्रामसभेत करा. निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. त्यांना नुसतं सहीला बोलावू नका. गवत, लाकूड, पाणी रोज त्या आणतात, कोणती वाट कुठे खचली हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ठरावाची एक प्रत वनक्षेत्रपालाला, एक तहसीलदाराला द्या आणि पोच घ्या. ज्यांचा सामूहिक दावा अजून दाखल नाही त्यांनी तो याच बैठकीत घ्या, कारण दाव्याशिवाय ठरावाचा पाय लंगडा राहतो.

आम्ही चाकण-चिंचवडला असलो तरी ग्रामसभेचे सभासद आहोत. बैठक गुरुवारी ठेवली तर आम्ही नक्की येऊ. कागद लिहायला, नकाशा काढायला हात लागतील, ते आमचे घ्या. पावसाळा लागायच्या आत प्रत्येक गावाने तारीख ठरवून कळवावी.